नागपूरचे ४४, रत्नागिरीचे ३२ आणि आपले ३८: कोल्हापुरात नव्याने आलेल्यांसाठी

राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने देतो. एका वर्षी एका खोलीत नागपूरचा पोरगा होता, शिरोली एमआयडीसीत नव्याने लागलेला. शेजारच्या खोलीत रत्नागिरीचा, शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पारा ३८ वर गेला तेव्हा नागपूरकर भर दुपारी व्हरांड्यात बसून हसत होता. "काका, हे काय ऊन आहे का? आमच्याकडे याला कोणी ऊन म्हणत नाही." रत्नागिरीकर आत डोकं धरून पडलेला, ओठ फुटलेले. आणि जूनच्या सुरुवातीला, पाऊस तोंडावर असताना, अमेरिकेत फिनिक्सला असलेल्या माझ्या मामेभावाचा फोन आला. "आत्या, आमच्याकडे आज एकशे बारा." आईने फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "एकशे चारला माणूस बरळायला लागतो, ह्यो एकशे बारात बोलतोय कसा?"

तेव्हापासून खोली घ्यायला जो येतो त्याला मी पाण्याची वेळ, कचऱ्याची गाडी आणि उन्हाळ्याचा आकडा कसा वाचायचा या तीन गोष्टी सांगतो. पहिल्या दोन गल्लीगणिक बदलतात. तिसरी इथे लिहून ठेवतो.

पायरी १: आकडा कुठल्या पट्टीतला, ते आधी विचारा

भारतात हवा सेल्सिअसमध्ये मोजतात आणि ताप फॅरनहाइटमध्ये. या दोन पट्ट्या एकाच घरात नांदतात आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. "आज चाळीस आहे" म्हटलं की हवा, "एकशे दोन आहे" म्हटलं की पोराला ताप. आईचा गोंधळ त्यातलाच होता. तिच्या लेखी शंभराच्या पुढचा आकडा म्हणजे थर्मामीटर, कपाळावर पट्ट्या आणि डॉक्टर.

पण तिच्या त्या आकड्यांतूनच हिशेब सोपा होतो. माणसाचं नेहमीचं तापमान ९८.६ फॅरनहाइट म्हणजे ३७ सेल्सिअस. डॉक्टर ज्याला ताप म्हणायला लागतात तो १००.४ म्हणजे ३८. आणि आईचे बरळण्याचे १०४ म्हणजे बरोबर ४०. म्हणजे एप्रिलमधल्या कोल्हापूरच्या साध्या दुपारी हवेलाच बारीक ताप असतो आणि नागपूरच्या हवेला १०४ च्या पुढचा.

बदल करायची रीत अशी. सेल्सिअसचा आकडा दुप्पट करा, त्यातला दहावा हिस्सा काढून टाका, ३२ मिळवा. ३५ चे ७०, त्यातून ७ गेले ६३, अधिक ३२, झाले ९५. उलट जायचं तर आधी ३२ वजा करा, उरलेल्याचा अर्धा करा आणि त्यात त्याचाच दहावा हिस्सा घाला. फिनिक्सचे ११२: वजा ३२ म्हणजे ८०, अर्धे ४०, त्यात ४, झाले ४४. नेमका हिशेब ४४.४ येतो, म्हणजे आपली रीत पुरेशी जवळ. आईला सांगितलं की तो नागपूरच्या मे महिन्यात बसलाय, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. तोही अर्धाच, कारण नागपूरचं ऊन तिने बघितलंय.

"तीस वजा करा आणि निम्मे करा" अशी एक आणखी सोपी रीत लोक सांगतात. ती थंड हवेत चालते. ५० फॅरनहाइटला तर बरोबर १० देते. पण १०४ ला ती ३७ सांगते, आणि ३७ व ४० यांत उन्हाळ्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिथे हिशेबाची गरज असते तिथेच ती फसते, म्हणून मी ती शिकवत नाही. पाठच करायचं असेल तर एवढं करा: २५ म्हणजे ७७, आणि पुढे दर पाच सेल्सिअसला नऊ फॅरनहाइट वाढवत जा. ३० ला ८६, ३५ ला ९५, ४० ला १०४, ४५ ला ११३, ५० ला १२२. आणि गंमत म्हणून, २८ उलटं केलं की ८२, १६ उलटं केलं की ६१; दोन्ही जवळजवळ बरोबर.

एक चूक मात्र शिकलेली माणसंही करतात. "सरासरीपेक्षा ९ अंशांनी जास्त" असं अमेरिकेतली बातमी म्हणते तेव्हा तो फरक असतो, तापमान नव्हे. तिथे ३२ चा काही संबंध नाही. नऊ फॅरनहाइटचा फरक म्हणजे पाच सेल्सिअसचा फरक, संपलं.

हे सगळं कोल्हापुरात कशाला, असं वाटत असेल तर शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला नोकरीला लागलेल्यांनी पुढचं नीट वाचावं. मी वीस वर्षं एका फाउंड्रीत क्वालिटीला होतो. आमच्याकडे अमेरिकेचं काम यायचं आणि ड्रॉइंगवर तापमान फॅरनहाइटमध्ये असायचं. कास्टिंगमधला ताण काढायला भट्टीत ११०० वर ठेवायचं, असं एका ड्रॉइंगवर होतं. म्हणजे साधारण ५९३ सेल्सिअस. रात्रपाळीला नव्या सुपरवायझरने ११०० वाचलं आणि भट्टीवर ११०० लावलं. भट्टी सेल्सिअसची. काटा ७५० च्या पुढे गेला तेव्हा एका जुन्या फोरमनला रंग बघून शंका आली. त्याने मीटर पाहिलाच नाही, दाराच्या फटीतला लाल रंग पाहिला. भट्टी बंद केली, पण लॉट मऊ पडला होता आणि सगळा रिजेक्ट झाला. आकड्याच्या शेजारचं एक अक्षर. त्या सुपरवायझरचा दोष निम्माच होता. ड्रॉइंग मराठी-इंग्रजी दोन्ही येणाऱ्या माणसाने तपासायला हवं होतं, आणि तो माणूस मी होतो.

इतिहास थोडक्यात: फॅरनहाइटची पट्टी १७२४ ची, पाणी गोठतं ते ३२ आणि उकळतं ते २१२. सेल्सिअस हा स्वीडनचा खगोलशास्त्रज्ञ, त्याची पट्टी १७४२ ची, आणि त्याने ती उलटी मांडली होती: उकळतं पाणी शून्य आणि गोठतं पाणी शंभर. नंतर ती सरळ केली गेली. दोन्ही पट्ट्यांचा आकडा एकच येतो तो उणे ४० ला. कोल्हापूरकरांना त्याची गरज पडणार नाही.

पायरी २: आकडा कुठे मोजला

हवामान खात्याचा ३८ हा सावलीतला ३८ असतो. पांढऱ्या रंगाची, चारही बाजूंनी झडपांची लाकडी पेटी, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागेत. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. आत तापमापक, वारा खेळता, ऊन थेट आत नाही. जगभर असंच मोजतात, म्हणूनच नागपूर आणि फिनिक्स यांचे आकडे शेजारी ठेवता येतात.

तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडा मात्र असा नाही. उन्हात उभी असलेली गाडी सुरू केल्यावर तो ४४ दाखवतो आणि लोक त्याचा फोटो काढून पाठवतात. मोबाइलमधला आकडा बहुतेक वेळा जवळच्या केंद्राचा नाहीतर संगणकाच्या अंदाजाचा असतो. तो पन्हाळ्यावर उभं राहून बघितला तरी शहराचाच निघू शकतो. पन्हाळा शहरापेक्षा साधारण चारशे मीटर उंच. हवा हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे तिथे दोन-अडीच अंश कमीच असायला हवेत. वर वारा असतो तो वेगळा.

हा फरक पायाला समजतो तो जोतिबाला. चैत्र पौर्णिमेची यात्रा ऐन उन्हाळ्यात. गुलालाने डोंगर गुलाबी झालेला, सासनकाठ्या नाचतायत, आणि अनवाणी माणूस दगडी फरशीवर दोन पाऊल टाकून तिसरं टाकताना उडी मारतो. मोबाइल ३७ म्हणतो. तो खोटं बोलत नाही, तो हवेबद्दल बोलतोय. काळ्या दगडाने सकाळपासून प्यालेलं ऊन त्यात धरलेलं नाही. डांबरी रस्ता, पत्र्याचं छप्पर, दुचाकीची सीट यांचंही तसंच. लहान मूल आणि कुत्रं जमिनीच्या जास्त जवळ असतात, हे लक्षात ठेवून त्यांना दुपारी बाहेर काढावं की नाही ते ठरवा.

घरात तापमापक लावणार असाल तर उत्तरेच्या भिंतीला, ऊन न येणाऱ्या जागी, खिडकीच्या काचेपासून आणि फ्रिजच्या पाठीपासून लांब लावा. मी पहिल्या वर्षी गच्चीच्या कठड्याला लावला होता आणि महिनाभर गल्लीत "आमच्याकडे शेहेचाळीस" म्हणून मिरवत होतो.

पायरी ३: माठ बघा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि मोबाइलमध्ये ती एका बारीक अक्षरातल्या टक्क्यात दडलेली असते: आर्द्रता.

एप्रिलमध्ये कुंभार गल्लीतून नवा माठ आणा. दोन दिवस पाणी भरून ओता, मातीचा वास जाऊ द्या, मग तिवईवर, वाऱ्याच्या वाटेत ठेवा. दुपारी तीनला त्यातलं पाणी प्या. गार लागेल, दाताला कळ येईल इतकं नाही, पण घशातून उतरताना कळेल इतकं. माठाच्या अंगावरचा ओलावा हवेत उडून जातो आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जातो. आपला घामही हेच करतो. माठ गार होत असेल तर तुमचं शरीरही गार होऊ शकतं. माठ गार होत नसेल तर सांभाळा.

शास्त्रातही हेच मोजतात. तापमापकाच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळून वारा दिला की जो आकडा येतो त्याला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात. आता तीन गावं शेजारी ठेवू. कोल्हापूर: ३८ अंश, आर्द्रता २५ टक्के, ओला फुगा साधारण २३. नागपूर: ४४ अंश, १५ टक्के, ओला फुगा तरी २३ च्या आसपासच. रत्नागिरी: ३२ अंश, ७० टक्के, ओला फुगा २७ च्या पुढे. तिघांत पारा सर्वांत खाली असलेल्या गावात घाम वाळायला सर्वांत कमी वाव.

हे कागदावर पटतं, अंगावर आल्याशिवाय कळत नाही. आमचा नागपूरकर मे महिन्यात रत्नागिरीला एका मित्राच्या लग्नाला गेला. जाताना ३३ चा अंदाज बघून म्हणाला, "हिल स्टेशनच आहे की." आंबा घाट उतरला आणि साखरप्यापर्यंत शर्ट पाठीला चिकटला. मांडवात तासाभराने डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलीकडच्या बायकांनी पंख्याखाली बसवून कोकम सरबत पाजलं. परत आल्यावर बोलला, "काका, तिथे घाम निघतो, पण जात नाही."

रत्नागिरीकराचं दुखणं याच्या बरोबर उलटं. त्याला इथे घामच दिसत नव्हता, म्हणून तो पाणीच पीत नव्हता. घाम येत होता, पण कोरड्या हवेत बाहेर पडताच वाळत होता. शर्टवर फक्त मिठाचे पांढरे डाग. कोकणातून आलेल्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो: इथे घाम बघून पाणी प्यायचं नाही, घड्याळ बघून प्यायचं. लघवी गडद पिवळी झाली की समजा, उशीर झालाय.

या दोन गोष्टी एकाच आकड्यात बसवायचा प्रयत्न वेगवेगळ्या देशांनी आपापल्या परीने केला आहे. अमेरिकेत हीट इंडेक्स, ज्याचा पाया स्टेडमन नावाच्या संशोधकाने १९७९ मध्ये घातला. आपल्या मोबाइलमध्ये "जाणवणारं तापमान" म्हणून जे दिसतं ते याच जातीचं. त्यांच्या तक्त्यात ९० फॅरनहाइट (आपले ३२) आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर जाणवतं ९१. तीच हवा ७० टक्क्यांची झाली की जाणवतं १०५, म्हणजे साधारण ४१ सेल्सिअस. पारा जागचा हलला नाही आणि आठ अंश वाढले. हा आकडाही सावलीतला. थेट उन्हात उभं राहिलात तर आणखी आठ अंशांपर्यंत भर पडू शकते, असं तिथलं हवामान खातंच सांगतं. कॅनडात ह्युमिडेक्स वापरतात आणि तो अंशांत सांगत नाहीत, नुसता आकडा. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. जाणवणाऱ्या तापमानाला अंश चिकटवले की लोक ते खऱ्या तापमानाशी भांडायला लावतात.

जपानमध्ये आणि बऱ्याच देशांच्या लष्करात तिसरी रीत आहे. त्यात ओल्या फुग्याला दहात सात भाग वजन, काळ्या गोळ्यात ठेवलेल्या तापमापकाला दोन, आणि साध्या हवेला एक. काळा गोळा ऊन आणि भट्टीची धग पितो. फाउंड्रीत काम करणाऱ्यांना हीच रीत जवळची. साच्यात ओतायचं लोखंड १४०० अंशांच्या आसपास असतं. लाडलजवळ, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्याजवळ, उभ्या असलेल्या माणसाला हवा ३८ आहे की ३४ याने काय फरक पडतो? त्याला चेहऱ्यावर येणारी धग मोजायची असते.

मात्र ओल्या फुग्यावरच सगळं सोडू नका. नागपूर आणि कोल्हापूर दोघांचा तो २३ निघाला म्हणून दोन्हीकडचं ऊन सारखं होत नाही. हवा शरीरापेक्षा, म्हणजे ३७ पेक्षा, गरम झाली की वारा आपल्याला गार करायच्या ऐवजी तापवायला लागतो. ४४ ला पंखा म्हणजे भट्टीचा भाता. घाम वाळतो खरा, पण तितका घाम तयार करायला अंगात पाणी हवं. म्हणून विदर्भात लोक तोंड-कान बांधून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून फिरतात. नवख्याला ते उलटं वाटतं. झळ अंगाला लागू द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याच हिशेबाने खरेदी करा. पाण्याचा कूलर हा मोठा माठच. विदर्भात उत्तम, कोल्हापुरात एप्रिलमध्ये चांगला, रत्नागिरीत पैसे पाण्यात. आणि इथेही खिडकी उघडी ठेवूनच चालवायचा, नाहीतर तासाभरात खोलीचं कोकण होतं.

खरं तर मराठीला हे सगळं आधीपासून माहीत आहे. आपण नुसतं "गरम होतंय" म्हणायला लागलो ते अलीकडे. रखरख म्हणजे कोरडं, डोळे दिपवणारं ऊन. झळा म्हणजे गरम वारा. उकाडा म्हणजे घाम न वाळणारी हवा. तलखी आणि काहिली या शरीराच्या तक्रारी. आणि पावसाआधीची ती वारा पडलेली, कोंडलेली हवा, जिला आमच्याकडे "गदगदायलंय" म्हणतात. कुणी गावाकडून फोनवर "उकडतंय" म्हणालं तर पारा विचारू नका, घाम वाळतोय का ते विचारा.

पायरी ४: तिथलं रोजचं काय आहे

कुठलाही आकडा त्या गावाच्या सवयीशी ताडून बघायचा. आपलं हवामान खातंही तसंच करतं. उष्णतेची लाट म्हणायला सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० लागतं, किनाऱ्यावर ३७, डोंगरी भागात ३०. आणि तेवढंही पुरत नाही, सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त वर जावं लागतं. साडेसहाच्या जवळपास वा पुढे गेलं की तीव्र लाट. सरासरी न बघता सरळ ४५ गाठलं तर लाट, ४७ गाठलं तर तीव्र लाट. कोल्हापूर खात्याच्या हिशेबात मध्य महाराष्ट्र विभागात येतं, म्हणून इशारा वाचताना तोच विभाग बघा. विदर्भाचा नारिंगी इशारा बघून आपली शाळा बंद होणार नाही.

आपलं रोजचं असं: शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, समुद्र हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या जवळपास, मध्ये सह्याद्री. एप्रिलची कमाल ३७-३८. सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, तो दिवस इथे ६ मेच्या सुमाराला असतो. तरी मे एप्रिलपेक्षा कडक नसतो, कारण तोवर पश्चिमेचा वारा घाट चढून यायला लागतो आणि वळीव सुरू होतो. त्यामुळे इथे ४० ओलांडणं ही पेपरातली बातमी असते. नागपूरकराने हसावं, पण इथली घरं, शाळा आणि माणसं ३८ च्या मापाची आहेत.

सवय म्हणजे काय ते जगाचे आकडे बघून कळतं. राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ ची ५६.७ ची नोंद जगातली सर्वोच्च मानतात. फिनिक्समध्ये २०२३ साली सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट किंवा त्यावर होतं, म्हणजे आपले ४३ च्या पुढचे. आणि दुसऱ्या टोकाला ब्रिटन: तिथे सलग तीन दिवस पारा २५ ते २८ वर राहिला (जिल्ह्याप्रमाणे आकडा वेगळा) की उष्णतेची लाट जाहीर होते. आपण २८ ला पंखा दोनवर ठेवून झोपतो. हसू येतं, पण तिथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, पंखा नाही, आणि १९ जुलै २०२२ ला त्यांच्याकडे ४०.३ झालं तेव्हा रेल्वेचे रूळसुद्धा त्या मापाचे नव्हते. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेसाठी शहराचा कृती आराखडा केला तेव्हा त्यात धोक्याची पातळी ४१ पासून सुरू होते. प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी.

शरीराचंही तसंच. नव्या उन्हाला सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं. म्हणून थंड गावातून आलेल्याने पहिले आठ दिवस दुपारची मेहनत अर्धी करावी. एमआयडीसीत लागलेल्या पोरांनी हे साहेबाला स्पष्ट सांगावं. आणि दिवाळीत गावी गेलेला नागपूरकर मार्चमध्ये पुन्हा नवखाच असतो. सराव शिलकीत राहत नाही.

पायरी ५: रात्रीचा आकडा

लोक कमाल बघतात, मी किमान बघतो. कोल्हापुरात एप्रिलची रात्र बहुधा २२-२३ पर्यंत उतरते. दिवसभर तापलेलं अंग रात्री निवतं. नागपुरात मेमध्ये पहाटेही २८ च्या आसपास असतं आणि मुंबईत रात्र दमट. सलग तीन-चार रात्री अंग निवलं नाही की म्हातारी माणसं आधी खचतात. गच्चीवर झोपायची सोय असलेली खोली मिळाली तर भाड्यात शे-दोनशे जास्त द्या. वरच्या मजल्याची पत्र्याची खोली स्वस्त का, ते मार्चनंतर कळेल.

पायरी ६: रोजची शिस्त

सकाळी अकरा ते चार उन्हातली कामं टाळा. महाद्वार रोडची खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा गर्दी असते पण फरशी निवलेली असते. न्याहारीला नाचणीची आंबील, दुपारी ताक, मीठ घालूनच. रसवंतीचा उसाचा रस चांगला, पण बर्फ कुठला ते बघून. नुसतं पाणी ढोसू नका; दिवसभर घाम गाळणाऱ्याने ओआरएसची पुडी खिशात ठेवावी. पाहुणे म्हणून तांबडा रस्सा ओरपायचा असेल तर रात्री ओरपा.

चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर सावली, पाणी, मीठ-साखर आणि आराम. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात. थर्मामीटर लावला तर १०४ च्या पुढे दाखवेल, आईचाच आकडा. तेव्हा तोंडाने काही पाजू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत, वारा घालत राहा. थांबायचं नाही.

आणि वळीव. दुपारी तीन-साडेतीनला पश्चिमेला काळे ढग उभे राहतात, वारा पडतो, गदगदायला लागतं. माठ बघा: त्याच्या अंगावरचा ओलावा वाळत नाही, खाली बशीत पाणी साचतं. हा दिवसातला सर्वांत वाईट तास, पारा ३५ वर आलेला असला तरी. मग धूळ उठते, टपोरे थेंब, कधी गारा, आणि अर्ध्या तासात हवा दहा-बारा अंशांनी उतरते. सगळी गल्ली दारात येऊन उभी राहते. पण दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की जमीन वाफ सोडते आणि दुपारी कोल्हापुरात रत्नागिरी उतरते. त्या दिवशी कूलर बंद ठेवा, समोरासमोरच्या खिडक्या उघडा, आणि कोकणातून आलेल्या शेजाऱ्याला विचारा. त्याला बरोबर माहीत असतं.